पाहुण्या पाठीराख्याचा शनिवार

इंग्लंडच्या प्रीमिअर लीग या फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत २० संघ असतात. प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. त्यांपैकी १९ स्वतःच्या मैदानावर आणि १९ प्रतिपक्षाच्या मैदानावर. गुणतक्त्याच्या माथ्यावरील काही संघ विजेतेपदासाठी आणि युरोपीय स्पर्धांतील प्रवेशासाठी झुंजत असतात. तळाच्या तीन संघांना हंगामाअखेर खालच्या गटात जावे लागत असल्याने तेथेही निकराची लढाई चालते. या दोन टोकांच्या मध्ये आठ-दहा संघांचा एक पट्टा असतो. त्यांना ना मुकुटाची आशा, ना कडेलोटाची भीती. अशा दोन संघांचा सामना म्हणजे वृत्तपत्रांच्या लेखी चार ओळींचा मजकूर. तरीही त्या सामन्यासाठी हजार-दोन हजार माणसे देशाच्या दुसऱ्या टोकाहून येतात, आणि आठवडाभर आधीपासून त्याच विषयावर बोलत असतात.

या माणसांच्या बोलण्यात विजयाची खात्री क्वचितच आढळते. आघाडीच्या खेळाडूचा दुखरा गुडघा बरा होईल काय, मधल्या आठवड्यातील सामन्याने थकलेला संघ धावू शकेल काय, पाऊस लागेल काय, परतीची गाडी मिळेल काय, हेच त्यांचे प्रश्न. बहुतेकांचा अंदाज बरोबरीचा किंवा पराभवाचा असतो. आणि तो वर्तवून झाल्यावर ते तिकीट मात्र काढतात. हिशेबी माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. परंतु अर्थशास्त्राला तो सर्वस्वी अपरिचित नाही. माणसाला वस्तूच्या उपभोगाइतकेच तिच्या प्रतीक्षेतूनही सुख मिळते, याचा विचार जेव्हन्सने १८७१ च्या आपल्या ग्रंथात केला होता. नव्वद मिनिटांचा खेळ निराशा करील. पण सहा दिवसांची वाट पाहणे कोणी हिरावून घेऊ शकत नाही. प्रश्न आहे तो या प्रतीक्षेची किंमत कोण ठरवतो आणि तिचा लाभ कोण उठवतो, हा.

एका सामन्याचा हिशेब

उदाहरणादाखल ११ नोव्हेंबर २०२३ चा बोर्नमथ विरुद्ध न्यूकॅसल हा सामना घेता येईल. न्यूकॅसल इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, तर बोर्नमथ दक्षिण किनाऱ्यावर. दोहोंतील अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. बोर्नमथचे मैदान लहान, जेमतेम अकरा हजार प्रेक्षकांचे. त्यामुळे पाहुण्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागाही थोड्याच. त्याच आठवड्यात मंगळवारी न्यूकॅसलचा संघ जर्मनीत डॉर्टमुंड येथे हरला होता आणि अनेक खेळाडू जायबंदी होते. शनिवारच्या सामन्याकडून फार अपेक्षा ठेवावी अशी परिस्थिती नव्हतीच. सामन्याची वेळ ठरली होती सायंकाळी साडेपाचची. म्हणजे खेळ संपता संपता साडेसात वाजणार. बोर्नमथहून लंडन आगगाडीने सुमारे दोन तास, तेथे स्थानक बदलायचे आणि पुढे न्यूकॅसलपर्यंत आणखी तीन तास. त्या रात्री आगगाडीने घर गाठणे जवळजवळ अशक्यच. ज्यांनी बसगाडी केली, त्यांना पहाटेपर्यंतचा प्रवास. ज्यांनी मुक्काम केला, त्यांना खोलीचे भाडे.

न्यूकॅसल दोन गोलांनी हरले. खेळ संपल्यावर कीरन ट्रिपिअर हा त्यांचा खेळाडू पाहुण्या प्रेक्षकांच्या बाजूला गेला, तेव्हा त्याची काहींशी शाब्दिक चकमकही झाली. हंगामाअखेर न्यूकॅसल सातव्या आणि बोर्नमथ बाराव्या क्रमांकावर राहिले. म्हणजे त्या शनिवारच्या निकालाने कोणाचा मुकुट गेला नाही आणि कोणाची पदावनती झाली नाही. तिकिटाला कमाल ३० पौंड ही मर्यादा असली, तरी प्रवास, जेवण आणि मुक्काम मिळून एकूण खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, हे सांगावयास नकोच.

निष्ठा ही निवड नव्हे

मग ही माणसे जातात कशासाठी? बाजारपेठेच्या भाषेत ग्राहक म्हणजे निवड करणारा माणूस. एका दुकानातील माल निकृष्ट निघाला, तर तो दुसऱ्या दुकानात जातो. पाठीराखा दुसऱ्या दुकानात जात नाही. कोल्हापूरकराला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथील पेठांत आणि तालमींत संघ निवडायचा नसतो. माणूस ज्या पेठेत जन्मला, त्या पेठेचा संघ त्याच्या वाट्याला आलेला असतो, आणि शाहू स्टेडियमवर तो हरला तरी पुढच्या सामन्याला जावेच लागते. न्यूकॅसलच्या कामगार वस्तीतील माणसाची आणि कोल्हापुरातील पेठकऱ्याची निष्ठा जातीने एकच आहे. फरक इतकाच की न्यूकॅसलच्या निष्ठेवर आज जगातील एक अतिश्रीमंत क्रीडा-उद्योग उभा आहे.

या उद्योगाचा माल नेमका कोणता, याचा खुलासा वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये केला होता. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी नाहीसा झाला, तर फायदा होतो. खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धीच नसेल, तर विकायला काही उरत नाही. सामना हे दोन्ही संघांचे संयुक्त उत्पादन असते, असा त्याचा सिद्धान्त. याच्या पुढे एक पाऊल टाकले पाहिजे. सामना हे दोन संघांचेच नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांचेही संयुक्त उत्पादन आहे. करोनाच्या साथीमुळे २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. त्या हंगामातील ३८० सामन्यांपैकी यजमान संघांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. ८३ बरोबरीत सुटले. पाहुण्यांचे विजय यजमानांहून अधिक, असे इंग्लंडच्या सर्वोच्च गटात पूर्वी कधीच घडले नव्हते. गर्दी केवळ खेळ पाहत नाही, ती खेळ घडवते, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा? पाहुण्यांच्या कोपऱ्यातून आव्हानाचे गाणे उठते आणि यजमानांची बाजू त्याला उत्तर देते. दूरचित्रवाणीवरून विकली जाणारी सामन्याची रंगत या सवालजबाबातून निर्माण होते.

दुपारी तीनची गोष्ट

आता वेळेचा प्रश्न. इंग्लंडात फुटबॉल शनिवारी दुपारी तीन वाजता खेळला जाऊ लागला, तो योगायोग नव्हता. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबविले. पुढे अर्ध्या सुट्टीची प्रथा इतर उद्योगांत पसरली, आणि १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिला प्रेक्षक मिळाला तो याच मोकळ्या दुपारी. म्हणजे खेळाचे वेळापत्रक कामगाराच्या वेळापत्रकातून जन्मले. आज हे नाते उलटे झाले आहे. १९९२ मध्ये प्रीमिअर लीग सुरू झाल्यापासून प्रक्षेपणाच्या हक्कांची किंमत वाढत गेली, आणि सामन्यांच्या वेळा शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत विखुरल्या गेल्या. २०२५-२६ पासूनच्या करारानुसार ३८० पैकी किमान २६७ सामने खुद्द ब्रिटनमध्ये थेट दाखविले जावयाचे आहेत. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास ब्रिटनमध्ये थेट प्रक्षेपण करायचे नाही, ही जुनी बंदी कायम असल्याने हे सारे सामने अन्य वेळी खेळविले जातात. पाहुण्या पाठीराख्याचा शनिवार त्याच्या हातून निसटला, तो असा.

या व्यवहारात भारतातील प्रेक्षकही अलिप्त नाही. हिवाळ्यात इंग्लंडात दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना येथे सायंकाळी सहाला दिसतो. पुण्यातील वसतिगृहात चहा घेत तो पाहणाऱ्या विद्यार्थ्याची ती सोयीची वेळ. पण तीच वेळ गाठण्यासाठी तिकडे कोणीतरी पहाटे चारला घराबाहेर पडलेला असतो. या विद्यार्थ्याचा त्यात काही दोष नाही. मात्र आपल्या सोयीची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी झोपेतून वसूल होते, याची जाणीव त्याला असावी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. प्रक्षेपणाच्या पैशातून खेळाडूंचे वेतन, नवी मैदाने, तळच्या संघांचा निर्वाह हे सारे चालते. पाहुण्यांच्या कोपऱ्यातील मूठभर माणसांसाठी कोट्यवधी प्रेक्षकांची सोय का मोडावी? शिवाय त्यांना जा म्हणून कोणी सांगितले आहे? परंतु हा युक्तिवाद पाठीराख्याच्या निष्ठेचाच त्याच्याविरुद्ध वापर करतो. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात दाखविले की असंतुष्ट माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे, किंवा आवाज उठविणे. निष्ठा सोडून जाऊ देत नाही; म्हणून निष्ठावंताचा आवाज ऐकण्याची व्यवस्था नसेल, तर त्याची निष्ठा ही केवळ पिळवणुकीची सोय ठरते.

आवाज उठविला की फळ मिळते, हेही दिसून आले आहे. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरील सामन्यासाठी पाहुण्यांना ६२ पौंडांचे तिकीट ठेवण्यात आले, तेव्हा मँचेस्टर सिटीच्या वाट्याच्या तीन हजारांपैकी नऊशेहून अधिक तिकिटे न खपता परत गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या हजारो प्रेक्षकांनी ७७ पौंडांच्या प्रस्तावित दराविरुद्ध ७७ व्या मिनिटाला मैदान सोडले, आणि चारच दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी लीगने पाहुण्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली. जर्मनीत प्रेक्षकांच्या सततच्या निषेधानंतर २०२१-२२ पासून सर्वोच्च गटातील सोमवारचे सामने बंद झाले. त्या देशात बहुतेक क्लबांत सदस्यांचे मताधिक्य राखण्याचा नियम आहे, हे येथे विसरता कामा नये. ब्रिटनमध्येही २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला असून क्लबांवर पाठीराख्यांशी विचारविनिमय करण्याचे बंधन घातले आहे.

हा विचारविनिमय तिकिटाच्या दरापाशी थांबू नये. सामन्याची वेळ हीदेखील एक किंमतच आहे, आणि ती पैशांहून जड आहे; कारण आठवड्याला मिळणारी सुट्टी उसनी घेता येत नाही. म्हणून तीन गोष्टी व्हावयास हव्यात. जे दोन संघ परस्परांपासून फार दूर आहेत, त्यांच्या सामन्याला रात्रीची वेळ देऊ नये. पाठीराख्यांनी प्रवासाची तिकिटे काढल्यानंतर वेळ बदलली, तर त्यांच्या नुकसानीची भरपाई प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून करावी. आणि वेळापत्रक ठरविणाऱ्या बैठकीत प्रक्षेपण कंपन्यांच्या प्रतिनिधीशेजारी पाहुण्या पाठीराख्यांचाही प्रतिनिधी असावा.

विजेतेपदाच्या सामन्याला गर्दी मिळविण्यासाठी कोणालाही काही करावे लागत नाही. साखळी स्पर्धा खऱ्या अर्थाने तगून राहते ती मधल्या पट्ट्यातील, निकालाने फारसे काही न बदलणाऱ्या शनिवारांवर, आणि त्या शनिवारी पाहुण्यांच्या कोपऱ्यात भिजत उभ्या राहणाऱ्या माणसांवर. ती माणसे आज येत आहेत, उद्याही येतील, असे गृहीत धरून हा उद्योग चालला आहे. त्यांची मुले दूरच्या गावी न जाता घरीच पडद्यासमोर बसायला शिकली, तर रिकाम्या कोपऱ्याचे चित्र जगाला विकण्याची वेळ येईल. आणि त्या चित्राला गिऱ्हाईक किती काळ मिळेल, याचा विचार प्रक्षेपण कंपन्यांनीच आधी केलेला बरा.