गेटवरचं कुत्रं शिकतंच, प्रश्न एवढाच की कोण शिकवतंय



आपण नेहमी उधारी, कोटेशन, जीएसटी यावर बोलतो. आज कुत्र्यांवर बोलायचंय. हसू नका. चिंचोळी एमआयडीसीत जो कुणी नवीन शेड भाड्याने घेतो त्याला शेडबरोबर दोन-चार कुत्री मिळतातच, अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेली नसली तरी. आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी सल्ला देतो, "मालक, एकाला साखळीनं बांधा, जरा मारत जा, खायला कमी घाला. लई कडक राखण करतंय बघा."

माझं मत सरळ आहे. मारून, बांधून, उपाशी ठेवून तयार केलेलं राखणीचं कुत्रं हा धंद्यातला तोटा आहे. ते चोराला चावेल की नाही माहीत नाही, पण तुमच्या कुरियरवाल्याला, हमालाला, माल बघायला आलेल्या गिऱ्हाईकाला नक्की चावेल. मी इथे बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील विकतो. दिवसभर टेम्पो, छोटा हत्ती, बाईकवाले येत-जात असतात. दुकानात दोन कुत्री मोकळी असतात, दोन्ही इथलीच, रस्त्यावरची. त्यांना शिकवलंय ते फक्त बक्षीस देऊन. हे प्राणिप्रेमाचं भाषण नाही, त्यामुळे ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांनीही पुढे वाचा.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही शिकवा किंवा नका शिकवू, कुत्रं रोज शिकत असतं. बाईकच्या मागे धावणारं कुत्रं बघा. ते भुंकत धावतं, बाईक लांब जाते. कुत्र्याच्या हिशोबाने काय झालं? "मी पळवून लावलं." बाईक जाणारच होती हे त्याला कुठे माहीत? रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की त्याला पन्नास वेळा बक्षीस मिळतं, आणि ते बक्षीस देणारे आपणच. कुणी गाडीचा वेग वाढवतो, कुणी लाथ उगारतो, खेळ आणखी रंगतो. अमेरिकेतल्या एडवर्ड थॉर्नडाइकने 1898 मध्ये मांजरांना पेटीत ठेवून हेच बघितलं होतं. ज्या हालचालीने दार उघडून बाहेरचं खाणं मिळतं ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं. पुढे स्किनरने यावर अख्खं शास्त्र उभं केलं. आम्हाला बीबीएला हे मोटिव्हेशनच्या धड्यात दोन मार्कांपुरतं होतं. खरं कळलं ते गेटवर.

माराचंही तसंच. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यासमोर नुसतं खाली वाका, ते पळतं. दगड उचलायची गरजच नाही. म्हणजे मारून शिकवता येत नाही असं मी म्हणत नाही. मारून शिकतं, पण काय शिकतं ते तुमच्या हातात राहत नाही. तुम्हाला वाटतं ते "गेटवर घाण करू नये" शिकलं. ते शिकलेलं असतं "हातात काठी असलेला माणूस वाईट." मग काठी टेकत येणारे वयस्कर वॉचमन मामा त्याला दुश्मन वाटतात. आणि गुरगुरल्याबद्दल मारलंत तर आणखी वाईट, ते गुरगुरणं सोडतं आणि थेट चावतं. गुरगुरणं म्हणजे सायरन आहे. सायरनची वायर कापून आग विझत नाही.

कॅरेन प्रायर नावाच्या बाईंचं एक पुस्तक आहे, 'डोन्ट शूट द डॉग', 1984 चं. त्या मुळात डॉल्फिन शिकवायच्या. आता विचार करा, डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, काठी मारता येत नाही. चिडलं की ते पाण्यात लांब निघून जातं, विषय संपला. म्हणून तिथे शिट्टी आणि मासा एवढंच हत्यार. उडी बरोबर झाली त्या क्षणाला शिट्टी, मासा नंतर. शिट्टी सांगते की "हे, हे जे आत्ता केलंस ना, त्याचे पैसे मिळणार." पुढे कुत्र्यांसाठी तेच काम टिक वाजणाऱ्या छोट्या डबीने होऊ लागलं, तिला क्लिकर म्हणतात. मी क्लिकर विकत घेतला नाही. टिक-टिक वाजणारं बॉलपेन घेतलं, बिलबुकाला लावलेलं असतं ते.

आमची खारी ही बंद पडलेल्या एका शेडमागे सापडली. बरगड्या मोजता येत होत्या, आणि झाडू दिसला की अंग चोरून भिंतीला चिकटायची. अशा कुत्र्याला पहिल्या दिवशी जवळ ओढून गोंजारायला जाऊ नका. आम्ही जवळजवळ तीन आठवडे काहीच शिकवलं नाही. ठरलेल्या वेळी खाणं, ठरलेल्या जागी पाणी, आणि तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. मी तिच्याकडे पाठ करून स्टूलवर बसायचो, हिशोब करायचो, आणि मधून भाकरीचा तुकडा बाजूला टाकायचो. कुत्रं ओठ चाटतंय, उगाच जांभया देतंय, शेपूट पोटाखाली घेतंय, तर ते घाबरलेलं आहे, भुकेलं किंवा झोपाळू नाही. हे वाचता आलं तर निम्मे चावे टळतील असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पेन. टिक, की लगेच तुकडा. टिक, तुकडा. काही करायला सांगायचं नाही. दिवसातून दोनदा पंधरा-वीस वेळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टिक ऐकून तिने मान वळवली, म्हणजे टिकला किंमत आली. आपल्या नोटेला जशी असते तशीच. कागदच तो, पण त्यामागे काहीतरी मिळतं याची खात्री.

बक्षिसासाठी महागडी पाकिटं लागत नाहीत. कडक भाकरी मोडली की आपोआप बारीक तुकडे होतात, सोलापूरकरांना यापेक्षा सोयीचं काय पाहिजे? अवघड कामाला उकडलेल्या अंड्याचा तुकडा, हरभऱ्याएवढा. चटणी, कांदा, लसूण लागलेलं काही नको. आणि एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला कधीच देऊ नका, त्याची किडनी निकामी होऊ शकते. पंढरपूर, सांगलीकडून माल भरून आलेले ड्रायव्हर प्रेमाने मूठभर बेदाणे टाकतात. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नसतं.

आता खरं काम, टेम्पोमागे धावणं थांबवायचं. इथे बहुतेक लोक "नाही, नाही" ओरडत बसतात. कुत्र्याला "नाही" म्हणजे काय करायचं ते कळत नाही. त्याला काय करायचं ते द्या. आम्ही एक जुनी सोलापुरी चादर घडी घालून काउंटरच्या बाजूला टाकली. खारीने चादरीकडे बघितलं, टिक, तुकडा. एक पाय ठेवला, टिक, तुकडा. चारी पाय, बसणं, बसून राहणं. सगळं एका दिवसात नाही, आठवडाभर. मग लांबवर टेम्पो उभा असताना तेच. मग टेम्पो चालू करून. मग गेटमधून आत घेऊन. प्रत्येक पायरीला ती गडबडली की एक पायरी मागे, आवाज न चढवता. आता टेम्पोचा हॉर्न वाजला की ती चादरीवर जाऊन बसते आणि माझ्याकडे बघते. चादरीवर बसलेलं कुत्रं एकाच वेळी टेम्पोमागे धावू शकत नाही, एवढं साधं गणित आहे. दुसरा, बॉबिन, सूतगिरणीच्या वेस्टच्या पोत्यात सापडलेलं पिल्लू, तो हे खारीकडे बघत बघत निम्म्या वेळात शिकला. डंपरला मात्र अजून भुंकतो. चालू आहे काम.

"ही तर लाच झाली की हो," असं मला एक गिऱ्हाईक रोज म्हणतं. लाच कामाच्या आधी दाखवतात, पगार कामानंतर देतात. तुकडा हातात दाखवून कुत्र्याला बोलावलंत तर ती लाच, आणि तुकडा नसेल त्या दिवशी कुत्रं येणार नाही. म्हणून तुकडा खिशात, आधी काम. वागणं पक्कं झालं की दर वेळी नाही, कधी द्यायचा, कधी नुसती शाबासकी.

इथे धंद्याचा एक कान पकडतो. जे बक्षीस अधूनमधून मिळतं ते वागणं सगळ्यात चिवट होतं. जेवताना कुत्र्याला नऊ वेळा हाकलून दहाव्या वेळी घास दिलात तर तुम्ही त्याला दहा वेळा मागायला शिकवलंत. आता तुमचा काउंटर आठवा. नऊ वेळा "फिक्स रेट" म्हणून दहाव्या वेळी, गिऱ्हाईक वैतागलं म्हणून, शंभर रुपये सोडता. त्याला तुम्ही काय शिकवलंत? सूट द्यायची तर पहिल्याच वाक्यात द्या, नाहीतर देऊच नका. आणि बंद केलीत तर सुरुवातीला ओरड वाढेल हे धरून चाला. कुत्र्याचंही तसंच असतं, घास बंद झाला की दोन-चार दिवस जास्त भुंकतं, मग सोडतं. नेमकं त्या दोन-चार दिवसांत लोक हार मानतात.

यावरून लगेच "कामगारांना असंच ट्रेन करा" असं सांगणारे ट्रेनर आहेत. मला ते पटत नाही. कामगाराला पगार, पीएफ आणि इज्जत लागते, टिक नाही.

राखणीचं काय? देशी कुत्रं आपल्या जागेवर अनोळखी माणूस आला की भुंकतंच, ते शिकवावं लागत नाही. राखणीसाठी भुंकणं पुरतं. रात्री दोन-तीन वेळा भुंकला की "शाबास", मग "बस", गप्प झाला की तुकडा. दिवसभर बांधून ठेवल्याने कुत्रं कडक होत नाही, वेडंपिसं होतं. शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात कलम 11 खाली जनावर अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हासुद्धा.

कुत्र्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. रात्रपाळी सुटल्यावर अंधारातून चालत जाणाऱ्या बायकांना विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून ट्रेनिंगच्या आधी लस आणि नसबंदी. यात सूट नाही. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीनंतर कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडतात. सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात हेच धरलं, पिसाळलेली आणि हल्ला करणारी कुत्री सोडून. म्हणजे तुमच्या गेटवरची बहुतेक कुत्री तिथेच राहणार आहेत. पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडायचा उद्योग करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ती जागा आठवड्यात दुसरी कुत्री घेतात, बिनलसीची.

टाटांच्या मुंबईतल्या बॉम्बे हाउसचं 2018 मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली केली. "त्यांना परवडतं" असं म्हणाल. मग पुण्याच्या शंतनू नायडूंचं मोटोपॉज बघा, रात्री गाडीच्या उजेडात चमकणारे पट्टे, भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात. आपल्याकडे हायवे बाजूला, ट्रकची वर्दळ रात्रभर. रिफ्लेक्टर टेप तर तुमच्याकडे पडलेलीच असते, सुती पट्ट्यावर शिवून घ्या. दोन बोटं आत जातील इतका सैल ठेवा.

आणि शेड घेण्याआधीच एक ठरवा. भाडेकरार संपला, शेड बदलली, तर कुत्र्याचं काय? खारी ज्या बंद शेडमागे सापडली तिथे तिच्या गळ्यात जुन्या पट्ट्याचा वळ होता. कुणीतरी पाळली होती, मशिनरी नेली आणि हिला ठेवली. आम्ही मागच्या वर्षी दोन गाळे पलीकडे गेलो तेव्हा आधी चादर नेली, तिथे चार दिवस दोन वेळचं खाणं दिलं, मग रॅक हलवले. लसीची तारीख काउंटरमागच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे, जीएसटीच्या तारखेखाली.