दगडावर टिकलं, सर्व्हरवर बिघडलं! प्राचीन शिलालेखांचा डेटा दुरुस्त करताना घाई का नको?

अथेन्समधल्या कारागिराने जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी संगमरवरावर कोरलेला हिशेब आज मोबाइलवर वाचता येतो. ऊन, पाऊस, लढाया, दगडाचे तुकडे होणं, हे सगळं त्या अक्षरांनी सोसलं. पण तोच मजकूर एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेताना कधी कधी ओळीच्या ओळी बिघडतात. ग्रीक अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं, रिकामे चौकोन किंवा टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसू लागतात.

दुरुस्ती सोपी वाटते. एक छोटा प्रोग्राम लिहायचा, चुकीचं अक्षर शोधायचं आणि बरोबर अक्षर टाकायचं. इंजिनीअरिंगच्या वर्गात आम्हालाही हेच शिकवलं होतं की, आधी डेटा स्वच्छ करा. पण शिलालेखांच्या बाबतीत ही सवय महागात पडू शकते. बिघडलेला मजकूर निदान बिघडलेला दिसतो. चुकीचा 'दुरुस्त' केलेला मजकूर बरोबर दिसतो, त्यामुळे तो पुन्हा कोणी तपासत नाही.

अक्षरं बिघडतात कशी?

कम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत ग्रीक छोटा अल्फा २०६ आणि १७७ अशा दोन बाइटमध्ये साठवला जातो. हेच दोन आकडे जुन्या पाश्चिमात्य विंडोज तक्त्यानुसार वाचले, तर अल्फाऐवजी टोपी घातलेला रोमन 'आय' आणि अधिक-उणेचं चिन्ह दिसतं. या प्रकाराला जपानी भाषेतून आलेला 'मोजिबाके' हा शब्द जगभर रूढ आहे. मराठी मजकूर असा बिघडला की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. अनेकांनी तो पाहिला असेल.

ग्रीकच्या बाबतीत गुंता जुना आहे. १९७० च्या दशकात कम्प्युटरवर ग्रीक अक्षरांची सोय नव्हती. तेव्हा डेव्हिड पॅकार्ड यांनी 'बीटा कोड' तयार केला. त्यात इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांनीच ग्रीक लिहायचं. थीटासाठी 'क्यू', ओमेगासाठी 'डब्ल्यू', एटासाठी 'एच' आणि स्वरचिन्हांसाठी तिरक्या रेघा व कंस. युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये. त्यामुळे बराच जुना मजकूर आधी एका सांकेतिक पद्धतीत टाइप झाला आणि नंतर दुसरीत, तिसरीत बदलला गेला. प्रत्येक बदलात थोडंफार काही सुटलं.

बिघाड उलटा फिरवता येतो का?

बऱ्याचदा येतो. कोणत्या तक्त्याने चूक केली हे कळलं, तर तीच पायरी उलटी करायची. पण एक मेख आहे. त्या विंडोज तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. १२९ ही त्यातली एक. ग्रीकमध्ये सतत येणाऱ्या छोट्या 'ऱ्हो' या अक्षराचा दुसरा बाइट नेमका १२९ आहे. काही सॉफ्टवेअर रिकाम्या जागेचा आकडा टाकूनच देतात. मग उरतो फक्त पहिला बाइट, २०७.

हा एकटा २०७ म्हणजे ऱ्हो असेल किंवा स्वरचिन्ह असलेला 'उप्सिलॉन', कारण त्याचा दुसरा बाइट १४१ असतो आणि ती जागाही रिकामीच आहे. इथे गणित संपतं. छापील आवृत्ती, दगडाचा फोटो किंवा कागदावर घेतलेला ठसा पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

दिसायला सारखी, पण वेगळी

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. रोमन मोठा 'ए' आणि ग्रीक मोठा अल्फा अगदी सारखे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र पहिल्याचा क्रमांक ६५, तर दुसऱ्याचा ९१३. टाइप करणाऱ्याने चुकून रोमन अक्षर दाबलं तर वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही, पण शोधयंत्राला तो शब्द सापडत नाही. 'हे नाव कोणत्याच शिलालेखात नाही' असा निष्कर्ष एखादा अभ्यासक काढू शकतो. नाव तर तिथेच असतं, फक्त त्यातलं एक अक्षर परकं असतं.

स्वरचिन्ह असलेल्या ग्रीक अल्फालाही युनिकोडमध्ये ९४० आणि ८०४९ असे दोन क्रमांक आहेत. मात्र युनिकोडनेच ते समान मानलेत. त्यांचं एकत्रीकरण यंत्राने बिनधास्त करावं, त्यात अर्थ बदलत नाही.

मग ग्रीकमधली सगळी रोमन अक्षरं बदलून टाकली तर?

खरा धोका इथे आहे. अथेन्सच्या जुन्या वर्णमालेत 'एच'सारखं दिसणारं चिन्ह 'ह' या ध्वनीसाठी वापरलं जाई. इसवी सन पूर्व ४०३ च्या सुमारास अथेन्सने अधिकृतपणे आयोनियन वर्णमाला स्वीकारली. तीत त्याच आकाराचं चिन्ह दीर्घ 'ए' या स्वरासाठी होतं. म्हणून जुन्या लेखांच्या आधुनिक आवृत्त्यांत संपादक ग्रीक शब्दामध्येच मुद्दाम छोटा रोमन 'एच' छापतात.

आता 'ग्रीकमधलं प्रत्येक रोमन अक्षर चूक' असा नियम लावलेला प्रोग्राम चालवून पाहा. बीटा कोडच्या हिशेबाने त्या 'एच'चा एटा होईल, नाहीतर 'हे ग्रीक नाही' म्हणून तो गळून पडेल. लेख कोणत्या काळातला, हे ठरवण्यासाठी उपयोगी पडणारी एक खूण नाहीशी होईल आणि पडद्यावर सगळं छान, स्वच्छ दिसेल.

लॅटिनमध्येही असंच घडू शकतं. सम्राट क्लॉडियसने लॅटिन वर्णमालेत तीन नवी अक्षरं आणली होती. त्यातलं एक म्हणजे उलटा केलेला 'एफ'. इसवी सन ४९ मध्ये रोमची पवित्र हद्द वाढवल्यावर रोवलेल्या सीमादगडांवर तो दिसतो. इसवी सन ५४ मध्ये क्लॉडियस मेला आणि ही अक्षरंही वापरातून गेली. एखाद्या डेटाबेसने त्या चिन्हाचा साधा 'एफ' केला, तर शब्द चुकतो आणि काळाचा पुरावाही जातो.

संपादकांच्या खुणा पुसल्या की काय होतं?

शिलालेख छापण्याचे सर्वमान्य नियम १९३१ मध्ये लायडन इथल्या बैठकीत ठरले. चौकोनी कंसातली अक्षरं दगडावर नाहीत, ती संपादकाने तर्काने भरली आहेत. अक्षराखाली टिंब असेल तर ते नीट वाचता येत नाही. टोकदार कंस असेल तर कोरणाऱ्याची चूक किंवा राहिलेलं अक्षर संपादकाने दुरुस्त केलं आहे.

वेबसाइटच्या भाषेत टोकदार कंस म्हणजे आज्ञा. अशा कंसात लिहिलेलं अक्षर ब्राउझर आज्ञा समजून गिळून टाकू शकतो. 'स्वरचिन्हं काढा' असा आदेश दिला की खालचं टिंबही जातं. चौकोनी कंस काढले की संपादकाचा अंदाज दगडाची साक्ष म्हणून मिरवू लागतो. अक्षरं तीच राहतात, शंका तेवढी पुसली जाते.

आकड्यांचं दुखणं वेगळं आहे. अथेन्सला मित्रशहरांकडून मिळणाऱ्या खंडणीतला साठावा भाग अथेना देवीला जाई. इसवी सन पूर्व ४५४ पासूनच्या या याद्या दगडावर कोरलेल्या आहेत. त्यातलं पन्नासचं चिन्ह युनिकोडमध्ये चार बाइटचं आहे. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसच्या जुन्या 'यूटीएफ-८' प्रकारात तीनच बाइट मावत. आपली देवनागरी तीन बाइटची, म्हणून ती वाचली. इमोजी आणि ग्रीक पन्नास मात्र अडकले. कडक तपासणी बंद असेल तर त्या चिन्हापासून पुढचा मजकूरच कापला जाई. नुसतं चिन्ह गळालं तरी ६० चे १० होतात, कारण उरतो फक्त दहाचा डेल्टा.

आता हा प्रश्न मोठा का झाला?

कारण हा डेटा आता यंत्रंही वाचतात. डीपमाइंडच्या 'इथाका' या मॉडेलवरचा शोधनिबंध मार्च २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आला. ७८ हजारांहून अधिक ग्रीक शिलालेखांवर ते शिकलं. गहाळ अक्षरं भरण्यात इतिहासतज्ज्ञांची एकट्यांची अचूकता २५ टक्के होती, मॉडेलची ६२ टक्के आणि दोघांनी मिळून काम केल्यावर ७२ टक्के. २०२५ मध्ये लॅटिनसाठी 'एनिअस' आलं. त्याच्यामागे १ लाख ७६ हजारांहून अधिक लेख आहेत.

मॉडेलचं कौतुक होतं. त्याच्याखालचा डेटा वर्षानुवर्षं टाइप करणाऱ्यांचं आणि तपासणाऱ्यांचं नाव मात्र बातमीत येत नाही. लॅटिन लेखांचा हायडेलबर्गचा डेटाबेस १९८६ मध्ये सुरू झाला. अलीकडे त्याचा प्रकल्पनिधी संपला आणि नव्या नोंदींचं काम थांबलं. नव्या मॉडेलला पैसा मिळतो, जुन्या डेटाच्या देखभालीला मिळत नाही. हे चित्र बदलायला हवं.

नाशिकच्या नाण्यांचा धडा

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाच्या या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीसोबत ग्रीक अक्षरंही आहेत, पण भाषा ग्रीक नाही. प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत लिहिले आहेत. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ही ग्रीक अक्षरं इतकी बिघडत गेली की त्यांतून अर्थ लागेना. तो बिघाड कम्प्युटरचा नाही, साच्यावरचाच आहे. इथे ग्रीक वाचणारं कोणी उरलं नव्हतं, नक्षी म्हणून अक्षरं चालू होती, हे त्यातूनच कळतं. एखाद्या प्रोग्रामने त्यांचं 'शुद्ध ग्रीक' केलं, तर इतिहासच खोटा होईल.

मग करायचं काय?

लाखो लेख हाताने तपासणं अशक्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चुकांची विभागणी करावी. जो बदल हमखास उलटा फिरवता येतो, तो यंत्राने करावा. जिथे दोन शक्यता आहेत, तिथे यंत्राने फक्त खूण करावी आणि निर्णय लिपितज्ज्ञावर सोडावा. संपादकाच्या खुणांना आणि दगडावरच्या चुकांना हात लावू नये. मूळ फाइल कायम ठेवावी आणि कोणतं अक्षर कधी, कोणत्या नियमाने बदललं याची नोंद ठेवावी.

यासाठी नवं काही शोधायचं नाही. 'एपिडॉक' ही शिलालेखांसाठीची पद्धत वीसेक वर्षांपासून वापरात आहे. तीत दगडावरचं अक्षर आणि सुचवलेली दुरुस्ती शेजारी-शेजारी नोंदवता येते. शोधणाऱ्याला सोपा मजकूर मिळतो आणि अभ्यासकाला मूळही दिसतं.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आपला मराठी मजकूरही आता बदलून घेतला जातो आहे. तिथेही पहिला नियम हाच असावा: आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, मग दुरुस्तीला बसा.