'कंपॅटिबल नाही' म्हणजे नक्की काय?

"काकू, हा राउटर आपल्याकडे चालणार नाही. कंपॅटिबल नाही."

इंटरनेटवाल्यांकडून आलेल्या मुलाने राउटर खोक्यातून पुरता बाहेरही काढला नव्हता. खोक्यावरचं नाव वाचलं आणि निकाल देऊन मोकळा! मी पस्तीस वर्षं शाळेत पेपर तपासले. पेपर न उघडताच नापास करायची सोय आम्हाला कधी नव्हती. म्हणून विचारलं, "का रे बाबा? काय कमी आहे याच्यात?" तो म्हणाला, "सिस्टिम घेत नाही." कुठली सिस्टिम, ती का घेत नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याला जेवढं पाठ करायला लावलं होतं तेवढं तो म्हणून गेला. त्याचा राग नाही. पाठांतर करवून घेणाऱ्यांचा आहे.

आधी पार्श्वभूमी सांगते. आमचं घर जुनं. भिंती दोन-दोन फूट जाड, दगडमातीच्या. गेल्या वर्षी ह्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ह्यांची खाट मागच्या खोलीत आहे, कारण न्हाणीघर तिथून जवळ पडतं. फायबरची जोडणी पुढच्या सोप्यात आहे. कंपनीने दिलेला डबा तिथेच खिळ्याला टांगलाय, आणि त्याचं वायफाय माजघरापर्यंत येता येता दम टाकतं. मागच्या खोलीत डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल लागत नाही. व्यायाम दाखवणाऱ्या ताईंचा हात वर जातो तो खाली यायचं नावच घेत नाही! रविवारी नातू बोलायला येतो, तर ह्यांना दिसतं ते नुसतं गोल फिरणारं चक्र. भाचीचे यजमान दिवाळीत आले होते. त्यांनी हे पाहिलं आणि चांगला चार हजारांचा राउटर आणून ठेवला. तोच हा, 'कंपॅटिबल नसलेला'.

मग मी कंपनीला फोन लावले. तीन दिवसांत तीन माणसं भेटली आणि तीन उत्तरं मिळाली. पहिली म्हणाली, बाहेरचा राउटर लावणं नियमात बसत नाही. दुसरा म्हणाला, लावा, पण मग तक्रार घेणार नाही. तिसऱ्याने खरं पोटातलं सांगितलं. म्हणाला, "मॅडम, आमचाच दुसरा डबा घ्या ना मागच्या खोलीसाठी. महिन्याला शंभर रुपये भाडं, अधिक जीएसटी." म्हणजे जाड भिंतीवर उपाय होता, फक्त तो त्यांच्या दुकानातून घ्यायला हवा होता.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. नेटवर्कचंच काम करतो. खाली बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला पृथक्करण शिकवलंत ना, तसंच करू." त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

भिंतीवरचा डबा दिसतो एक, पण कामं करतो दोन. पहिलं काम काचतंतूतून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करायचं. दुसरं काम तो संदेश घरातल्या फोनांना, टीव्हीला, संगणकाला वाटून द्यायचं, म्हणजे राउटर आणि वायफाय. पहिल्या कामात कंपनीचा शब्द चालावा हे मलाही पटलं. बाहेरून येणारा एकच धागा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागलेला असतो. प्रत्येक घरातल्या डब्याने आपली पाळी आली की तेवढ्यापुरताच प्रकाश पाठवायचा असतो. एखादा बिघडून सतत प्रकाश सोडत बसला तर गल्लीचं इंटरनेट बंद. वर्गात एक मूल सारखं ओरडत राहिलं तर बाकीच्यांची हजेरीसुद्धा घेता येत नाही, तसंच. म्हणून कंपनी त्या डब्याचा क्रमांक आपल्या केंद्रात नोंदवते आणि अनोळखी डब्याला दारात उभं करत नाही. ठीक आहे.

पण दुसऱ्या कामाचं काय? पहिला डबा त्यांचा राहू द्या. त्याला 'ब्रिज मोड'मध्ये टाकलं की तो फक्त रूपांतर करतो आणि बाकीचं माझा राउटर सांभाळतो. त्यासाठी लागतं काय? बहुतेक ठिकाणी एक युजरनेम, एक पासवर्ड आणि काही ठिकाणी व्हीलॅन नावाचा एक क्रमांक. काही कंपन्या पहिल्यांदा जोडलेल्या यंत्राचा मॅक पत्ता लक्षात ठेवतात. तो केंद्रातून मोकळा करून द्यावा लागतो, हे एका फोनचं काम. म्हणजे सगळी 'कंपॅटिबिलिटी' एका चिठ्ठीवर मावते! ती चिठ्ठी आम्हाला द्यायची नाही, एवढाच काय तो तांत्रिक अडथळा.

आणि हे सगळीकडे असंच असतं असं म्हणावं, तर तेही नाही. पुण्याला माझ्या धाकट्या दिरांकडे एक लहानसा स्थानिक इंटरनेटवाला आहे. त्याने घरात केबलचं टोक आणून दिलं, कागदावर युजरनेम-पासवर्ड लिहून दिला आणि म्हणाला, राउटर तुमच्या आवडीचा आणा. तिथे आभाळ कोसळलं नाही. आपल्याकडे फोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं २००५च्या सुमारास. त्या काळीही बीएसएनएलच्या जोडणीवर बाजारातला मोडेम आणून, त्यात शून्य आणि पस्तीस हे दोन आकडे आणि आपला पासवर्ड भरला की काम होत असे. मी स्वतः भरलेत ते आकडे! तेव्हा साठी जवळ आली होती माझी. तांब्याच्या तारेवर जे चालत होतं ते काचेच्या तारेवर येताना का अडावं?

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही मांडते. न जुळणारी यंत्रं खरोखर असतात. जुना तांब्याच्या तारेचा मोडेम फायबरला लावून उपयोग नाही. जुन्या राउटरला फक्त २.४ गिगाहर्ट्झची लहर कळत असेल तर तीनशेचा प्लॅन घेऊनही हातात साठ-सत्तर यायचे. फायबरवरून घरचा फोनही येत असेल तर त्याची माहिती कंपनीच्या डब्यात भरलेली असते, ती वेगळी द्यावी लागते. शिवाय स्वस्तातला, वर्षानुवर्षं सुधारणा न झालेला राउटर म्हणजे चोराला दार उघडं. हे सगळं खरं आहे, आणि कंपनीने हेच मला सांगितलं असतं तर मी गुपचूप ऐकून घेतलं असतं. 'अमुक कारणाने जुळत नाही' हे उत्तर झालं. 'कंपॅटिबल नाही' ही नुसती थाप. शाळेत मी अशा उत्तराला शून्य देत असे.

सुरक्षिततेचं म्हणाल तर उलट प्रश्न मी विचारते. माझ्या घरातल्या डब्याची खरी किल्ली कुणाकडे आहे? मला दिलेल्या लॉगिनमध्ये फक्त वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो. बाकीची पानं बंद. पूर्ण अधिकाराचं लॉगिन कंपनीकडे. दुरून डब्याची मांडणी बदलायची सोयही त्यांच्याकडे. असा दूरचा कारभार अनेक ठिकाणी चालतो, आणि सुधारणा घालायला तो उपयोगीही आहे. पण माझ्या घरातून आत-बाहेर जाणारं सगळं ज्या दारातून जातं, त्या दाराला मी आतून कडी घालायची नाही आणि तुम्ही बाहेरून किल्ली बाळगायची, याला सुरक्षितता म्हणायचं?

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. गॅसचं कनेक्शन हवं असेल तर शेगडी आमच्याकडूनच घ्या, असं सांगणारे वितरक आठवतात का? सक्ती नव्हती, पण सांगत मात्र तसंच! सिलिंडर कंपनीचा, रेग्युलेटर कंपनीचा, हे आपण मान्य केलं. शेगडी मात्र आपल्या ओट्याला साजेल ती. सीडीएमएचे मोबाइल आठवतात? कंपनी सोडली की धडधाकट सेट कपाटात. पुढे २० जानेवारी २०११ला देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली. ती कंपन्यांनी प्रेमाने दिली नाही. नियम झाला म्हणून मिळाली.

भाची स्टुटगार्टजवळ राहते. तिला हे सगळं सांगितलं तर ती हसली. "मावशी, इथे हे भांडण झालं आणि संपलंही." युरोपात २०१५च्या नियमावलीतच ग्राहकाला आपल्या पसंतीचं यंत्र वापरायचा हक्क लिहिलेला आहे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६पासून राउटरची सक्ती कायद्याने बंद झाली. जोडणीला लागणारे तपशील कंपनीने न मागता आणि फुकट द्यायचे. त्याही आधी, १९६८ साली, अमेरिकेत कार्टरफोनचा निकाल लागला. एका माणसाने रेडिओवरचं बोलणं टेलिफोनला जोडणारं यंत्र केलं होतं आणि टेलिफोन कंपनी म्हणत होती, आमच्या तारेला परकं यंत्र लावाल तर जाळं बिघडेल. तिथल्या दूरसंचार आयोगाने सांगितलं, जाळ्याला अपाय होत नसेल तर लावू द्या. जाळं बिघडलं नाहीच. उलट उत्तर देणारी यंत्रं, फॅक्स, मोडेम यांना वाट मोकळी झाली. ज्या मोडेममुळे आपल्या घरांत इंटरनेट आलं, त्या मोडेमचा रस्ता असा मोकळा झालेला आहे. आणि आज इंटरनेट विकणारेच तेव्हाच्या टेलिफोन कंपनीची भाषा बोलतायत!

कुणी म्हणेल, आजी, एवढ्याशा डब्यासाठी केवढी ही आदळआपट! पण डबा एवढासा नाही. कंपनी बदलली की कंपनीचा कुलूपबंद डबा दुसरीकडे चालत नाही. परत न्यायला कुणी फिरकत नाही. आमच्या माळ्यावर असे दोन पडलेत, शेजाऱ्यांकडे तीन. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, आणि चालू स्थितीतलं यंत्र नुसत्या कुलपामुळे कचरा होतंय. दुसरं म्हणजे, डबा त्यांचा असला की कंपनी सोडायला आपण कचरतो. आणि तिसरं माझ्या घरचं. मागच्या खोलीत पडून असलेल्या माणसाला नातवाचं तोंड दिसावं की नाही, हे कंपनीच्या भाड्याच्या यादीने ठरवायचं का?

मग माझ्या राउटरचं काय झालं? ब्रिज मोड काही मिळाला नाही. विद्यार्थ्याने कंपनीच्या डब्यातून एक लांब केबल माळ्यावरून मागच्या खोलीत नेली आणि तिच्या टोकाला नवा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून लावला. केबल ओढायला दोन तास, राउटरला दहा मिनिटं. कंपनीचा अजिबात न चालणारा राउटर आता रात्रंदिवस चालतोय. रविवारी ह्यांनी नातवाशी पाऊण तास गप्पा मारल्या. कुलूप मात्र पुढच्या डब्यावर तसंच आहे, आणि माझी तक्रारही तशीच आहे. चोरवाट सापडली म्हणून दार उघडं आहे असं होत नाही.

माझं मागणं फार नाही. प्रकाशाचा डबा तुमचा, मान्य. त्यापुढचं घर माझं. वर्षाचे पैसे घेण्याआधी लेखी सांगा की ग्राहकाचा राउटर चालेल की नाही आणि नसेल तर का. मागितल्यावर ब्रिज मोड आणि लागणारे तपशील द्या. ग्राहक सोडून गेला तर डबा परत न्या, नाहीतर त्याचं कुलूप काढून द्या. आणि हे कंपन्यांच्या मर्जीवर न ठेवता ट्रायने नियम करून ठेवावं.

तोवर आपणच एक करू शकतो. नवी जोडणी घेताना हेच प्रश्न विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, मेसेजवर घ्या. 'कंपॅटिबल नाही' असं कुणी म्हणालं की शांतपणे विचारा, "कशाशी? आणि का?" पहिल्या माणसाला उत्तर येणार नाही. दुसऱ्याला विचारा. मी पंचाहत्तरीला टेकले तरी विचारतेय, मग तुम्हाला काय झालंय?

असो. फार लिहिलं. ह्यांना चहा द्यायची वेळ झाली. तुमच्याकडे कोणता अनुभव आला तो जरूर लिहा. ज्यांच्याकडे न भांडता चिठ्ठी मिळाली असेल त्यांनी तर आवर्जून लिहा, म्हणजे बाकीच्यांना दाखवता येईल.