बांधावरचं गणित वर्गात आणा

‘बांध कोरला’ एवढ्या एका तक्रारीवरून भावकीत वर्षानुवर्षांचा अबोला धरला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यात, उसाच्या राहुरी-श्रीरामपूरपासून अकोले तालुक्याच्या डोंगरउतारापर्यंत, हे कुणाला नवीन नाही. मग मोजणीचा अर्ज जातो आणि भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक शेतात उभा राहतो.

हल्ली उपग्रहांवरून जागा ठरवणारे रोव्हर आले आहेत. पण त्याआधीचं, आजही वापरात असलेलं ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्र पाहावं. तिवईवर यंत्र, समोर हद्दीच्या खुणेवर काठीला लावलेला प्रिझम. यंत्र दोनच गोष्टी मोजतं: कोन आणि अंतर. बारावीच्या गणितातले ध्रुवीय निर्देशक म्हणजे हेच. तिवईची जागा हा ध्रुव, ठरवून घेतलेली दिशा हा अक्ष.

हे नातं वर्गात क्वचितच सांगितलं जातं. मुलं सूत्रं पाठ करतात आणि खाचखळग्यात पडतात. कॅल्क्युलेटरवर y/x चा व्यस्त टॅन काढला, तर (52, 30) आणि (-52, -30) या दोन्ही बिंदूंना तो साधारण 30 अंशच सांगतो. कागदावर गुण जातो. शेतात मात्र खुंटी थेट पाठीमागच्या शेजाऱ्याच्या रानात रोवली जाईल! शिवाय वर्गात कोन X अक्षापासून घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजतात, तर मोजणीत बहुधा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. हा फरक आधीच सांगितला, तर निम्मा गोंधळ मिटेल.

कोनातल्या चुकीची किंमतही रानातच कळते. 60 मीटरवर कोन एका अंशाने चुकला, तर खूण जवळपास 1.05 मीटर सरकते. 120 मीटरवर दोन मीटरहून जास्त. भांडणं याहून कमी जागेसाठी होतात.

क्षेत्रफळाचंही तसंच. तिवईपासून दोन खुणा 60 आणि 40 मीटरवर, मधला कोन 30 अंश. या त्रिकोणाचं क्षेत्रफळ अंतरांच्या गुणाकाराचा निम्मा, गुणिले साइन 30, म्हणजे 600 चौरस मीटर. सहा गुंठ्यांना जरा कमी. सातबारा वाचणाऱ्या घरातल्या पोराला हे उत्तर लगेच पटतं.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मोजपट्टी, चार खुंट्या आणि पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक पुरे. जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या गणित शिक्षकांनी ध्रुवीय निर्देशकांच्या धड्याचा निदान एक तास मैदानावर घ्यावा.