वेतन किती आणि हातीं किती?

सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून लागलेल्या मुलीचें वेतन किती, या प्रश्नाचें उत्तर बहुधा एका ढोबळ आंकड्यानें दिलें जातें. त्याच आंकड्यावर घराचें कर्ज काढलें जातें, धाकट्या भावाच्या शिक्षणाचा भार टाकला जातो, प्रसंगीं सोयरिकहि ठरते. कौटिल्यानें आय व व्यय यांनंतर उरणाऱ्या शिल्लकेस ‘नीवी’ म्हटलें आहे. संसार चालतो तो नीवीवर. म्हणून वेतनपत्रक कसें वाचावें, हें उदाहरणानें सांगणें आम्हांस इष्ट वाटतें.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणें केंद्र सरकारच्या परिचारिकेचें आरंभींचें मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. १ जुलै २०२५ पासूनचा महागाई भत्ता शेंकडा ५८, म्हणजे २६,०४२ रुपये. नेमणूक नागपुरास असल्यास घरभाडें-भत्ता मूळ वेतनाच्या शेंकडा २०, म्हणजे ८,९८० रुपये. आणि परिचर्या-भत्ता ९,०००. प्रवासभत्ता बाजूस ठेविला तरी बेरीज ८८,९२२ रुपये होते. सरकारी निवासस्थान मिळालें, तर घरभाडें-भत्ता मात्र मिळत नाहीं, हें ध्यानांत असावें.

आतां वजाबाकी. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेंत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेचा, म्हणजे ७०,९४२ चा, दशांश भरावा लागतो. ते ७,०९४ रुपये. महाराष्ट्राचा व्यवसायकर दरमहा २००, फेब्रुवारींत ३००. नव्या करपद्धतीनें २०२५-२६ सालीं पगारदारास पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर नसल्यानें तो येथें शून्य. म्हणजे हातीं ८१,६२८ रुपये राहिले. आरोग्ययोजना व गटविमा यांच्या वर्गण्या लागू असल्यास त्याहि यांतून वजा कराव्या.

परंतु सर्वच कपात सारखी नव्हे. कर गेला तो गेला. निवृत्तिवेतनाची रक्कम मात्र तिचीच राहते. तींत सरकार शेंकडा १४, म्हणजे ९,९३२ रुपये, स्वतःचे घालतें, आणि दरमहा १७,०२६ रुपये तिच्या खात्यावर जमा होतात. सरकारचा हा वांटा कोणीं उत्पन्न समजून खर्चांत धरूं नये. ती तिच्या म्हातारपणाची शिदोरी आहे. तीवर माहेरानें वा सासरानें डोळा ठेवणें आम्हांस अनुचित वाटतें.

आणखी एक गोष्ट. हा सर्व हिशेब कायम नेमणुकीचा झाला. राष्ट्रीय आरोग्य अभियानांतील कंत्राटी परिचारिकेस ठोक मानधन मिळतें. तीस महागाई भत्ता नाहीं. रात्रपाळी तीच, रुग्णहि तसेच. हिशेब मात्र निराळा. यास्तव “सरकारी नोकरी” एवढा शब्द ऐकून कोणीं बेरीज मांडूं नये. आधीं नेमणूकपत्र वाचावें, मग वेतनपत्रक पाहावें, आणि कर्जाच्या कागदावर सही त्यानंतर करावी.