कोण कोणाला हसते?

2 ऑक्टोबर ही तारीख गांधीजींची. त्या थोर सावलीत आणखी एक वाढदिवस दरवर्षी गुपचूप उरकला जातो. 1972 साली याच दिवशी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. जोड वाटते तितकी विजोड नाही. विनोदबुद्धी नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता, अशा अर्थाचे गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. दूरदर्शनच्या वाढदिवशी एरवी आठवणींचे उमाळे निघतात. शटरचा लाकडी टीव्ही, पडद्यावरच्या मुंग्या, गच्चीवर अँटेना फिरवणारा थोरला आणि खालून ‘दिसलं, दिसलं!’ म्हणून ओरडणारा धाकटा. पन्नाशी उलटलेल्या या माध्यमाला यंदा एक वेगळा प्रश्न विचारावा. इतकी वर्षे त्याच्यासमोर बसून आपण हसलो, ते नेमके कोणाला?

प्रश्न वरवर पोरकट आहे. टीव्हीवरच्या चुटक्यांचा कसला आलाय अभ्यास, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण विनोदाकडे गंभीरपणे पाहणे मराठीला नवे नाही. न. चिं. केळकरांनी हास्यविनोदाची मीमांसा केली, गो. मा. पवारांनी विनोदाचे तत्त्व आणि स्वरूप तपासले. चिमणराव जन्माला घालणारे चिं. वि. जोशी तर पालीचे व्यासंगी पंडित. जातककथा आणि गुंड्याभाऊ एकाच टेबलावर नांदत होते आणि कोणाला त्यात विसंगती दिसली नाही. छापील विनोदाला आपण असा मान दिला. तोच विनोद दिवाणखान्यातल्या पेटीत गेला आणि त्याचा ‘टाइमपास’ झाला. जे लाखो लोकांनी एकाच वेळी पाहिले, त्याच्याबद्दल विचार करण्याची जबाबदारी मग कोणाचीच उरली नाही.

विचार करायला साधने मात्र घरचीच आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाल किंचित फुलतात पण दात दिसत नाहीत, ते स्मित. डोळ्यांत पाणी येते, हातांनी कुशी दाबून धराव्या लागतात, ते अतिहसित. गंमत याच्या पुढे आहे. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे, अशी वाटणीही तिथेच करून ठेवली आहे. म्हणजे कोणी किती दात दाखवायचे, हेसुद्धा पायरी पाहून ठरणार. हसण्यात समाजाची उतरंड असते हे समजायला परदेशी सिद्धान्ताची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

ती उतरंड घेऊनच आपण टीव्हीसमोर बसलो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव’ मालिका लागायची, तेव्हा चाळीत टीव्ही एखाद्याच घरी. आत चटईवर बिऱ्हाडकरू, दारात पोरांची दाटी, उंबऱ्याशी भांडी घासून पदराला हात पुसत टेकलेली बाई. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव फजित पावला, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ त्याला सावरायला जाऊन आणखी खड्ड्यात घालू लागला, की घरातली बाई आणि उंबऱ्यावरची बाई एकदमच हसायच्या. पण हसण्याचे कारण एक नव्हते. एकीला त्यात आपला नवरा दिसे, दुसरीला आपला मालक. एरवी ज्याच्यापुढे मान वर करायची नाही, त्याच्या जातकुळीच्या माणसाला अर्धा तास उजळ माथ्याने हसता येत होते. हे स्वातंत्र्य लहान होते, पण खरे होते.

त्या विनोदाचे मोठेपण यात होते की, टीव्ही विकत घेऊ शकणारा वर्ग तिथे स्वतःलाच हसत होता. 1988 मध्ये आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस ‘वागळे की दुनिया’त आला तेव्हा त्याला चक्क मराठी आडनाव मिळाले. वागळे साकारणारे अंजन श्रीवास्तव मराठी नव्हते, आणि त्याने काही अडले नाही. महिनाअखेरीची ओढाताण ज्याची त्याची सारखीच होती. पुढे 2001 मध्ये, अल्फा मराठीच्या काळात, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आले. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या सदरातून निघालेली ही मालिका. कालचा चिमणराव जणू निवृत्त होऊन आबा झाला होता. तीन पिढ्यांचे एक घर आणि प्रत्येकाची आपापली रोजनिशी. एकाच प्रसंगाला आजोबांची बाजू होती तशी नातीचीही होती. त्यामुळे कोणी एक माणूस कायमचा हास्यास्पद ठरत नसे. आपल्या घराने लोकशाहीचा केलेला तो एक मोडकातोडका सराव होता.

मात्र ‘स्वतःला हसणे’ म्हणताना तो ‘स्व’ कोणाचा, हेही विचारले पाहिजे. चिमणराव, वागळे, टिपरे ही सगळी पांढरपेशी घरे. त्या घरांबाहेरचा माणूस मराठी पडद्यावर बरीच वर्षे यायचा तो नोकर म्हणून किंवा गावाकडचा पाहुणा म्हणून, आणि तो बोलू लागला की त्याची बोली हाच विनोद असायचा. मालवणी आणि वऱ्हाडी ऐकून हसायचे, कारण ती ‘शुद्ध’ नाही. रंगभूमीवर मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने हे गणित उलटे केलेच होते, टीव्हीला अंमळ वेळ लागला. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलू लागले, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये गौरव मोरे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ झाले. पवईतली जी वस्ती पत्त्यावर लिहिताना माणूस एरवी अडखळेल, ती इथे बिरुदासारखी मिरवू लागली. हसणाऱ्याची जागा बदलली की विनोदाचा अर्थ बदलतो, तो असा.

पण याच काळात एक जुनी खोडही पक्की झाली. जाड माणूस, काळा माणूस, तोतरा माणूस, साडी नेसलेला पुरुष. संहिता आटली की लेखक या चार दारांत हमखास जातो. साडीतल्या पुरुषाला परंपरा आहे हे खरे. गौळणीतली मावशी पुरुषच करायचा, आणि बालगंधर्वांच्या साडीची तर बायका नक्कल करत. पण गौळणीतली मावशी कृष्णालाच तोंडावर चार शब्द सुनवायची. नुसता पुरुषाने पदर घेतला म्हणून हशा मागायचा असेल, तर हसणे बाईपणाला आहे. त्यातच कॅमेरा वळतो परीक्षकांच्या खुर्च्यांकडे. ते डोळे पुसत, पोट धरून हसत असतात. भरताचे अतिहसित आता पावतीसारखे फाडून हातात दिले जाते. इथे हसायचे आहे, हे ठरलेले असते. कोणाला, हे विचारायला उसंत नसते.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसनने 1900 साली म्हटले होते की, हसायचे तर काळीज घटकाभर बधिर करावे लागते. पडलेल्या माणसाची कणव आली की हसू मावळते. मराठी टीव्हीने या सिद्धान्ताची एक मजेशीर परीक्षा घेतली आहे. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये तासभर धुडगूस झाला की सागर कारंडे पोस्टमनच्या खाकी वेषात यायचे आणि अरविंद जगतापांनी लिहिलेले पत्र वाचायचे. पत्र शेतकऱ्याचे, आईचे, सीमेवरल्या जवानाचे. दोन मिनिटांपूर्वी टाळ्या पिटणारे प्रेक्षक पदराने, रुमालाने डोळे टिपू लागायचे. बधिर केलेले काळीज त्याच बैठकीत जागे करून परत दिले जायचे. याला भाबडेपणा म्हणून झटकणे सोपे आहे. पण एकनाथांच्या भारुडात सोंग शेवटी परमार्थाकडे वळते, तमाशात बतावणीनंतर वग लागतो. हसवून सैल केलेल्या माणसाच्या हातात मग काहीतरी जड ठेवायचे, ही आपली जुनी रीत. पोस्टमन खाकी कपड्यांतला खरा, पण त्याची वाट भारुडाकडूनच येत होती. आपल्याला नुसते हसणे अपुरे वाटते. त्याचा हिशेब द्यावासा वाटतो.

आणि ज्याला आपण हसत नाही त्याचाही हिशेब झाला पाहिजे. 1989 मध्ये जसपाल भट्टी ‘फ्लॉप शो’मधून सरकारी भ्रष्टाचाराची रेवडी उडवत होते, तेही सरकारच्या मालकीच्या दूरदर्शनवर. आज वाहिन्या शेकड्याने आहेत आणि विनोदाच्या पाठोपाठ माफीनामा येण्याची सवय आपल्याला झाली आहे. वर बघून हसणे महाग पडते, तेव्हा हसू खालच्या दिशेने वाहू लागते. नवरा-बायको, जाडी आणि टक्कल यांच्या भावना दुखावल्याची तक्रार कोणी पोलीस ठाण्यात नोंदवत नाही.

हे सगळे तपासायचे तर आधी ते हाताशी हवे. टेप महाग होत्या तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती, बीबीसीसुद्धा त्यातून सुटली नाही. विनोदाचे मोल ‘संध्याकाळ गेली’ एवढेच मानले की तोच आधी पुसला जातो. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एखादा प्रबंध दूरदर्शनच्या ‘गजरा’ या कार्यक्रमावर, एखादा हास्यजत्रेच्या बोलींवर करून घ्यावा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. हसण्याचा विषय हसण्यावारी न नेण्याची तयारी लागते.

या पेटीने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद कुठे नाही. ज्या घरात सुनेने सासऱ्यांसमोर दात दाखवायचे नसत, त्या घरात टीव्ही लागला की दिवा मालवला जाई. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. अंधारात सून खदखदून हसली तरी कोण बघणार? भरताने उत्तमांना नेमून दिलेले स्मित सासरे सांभाळत, आणि मागे भिंतीशी अतिहसित चाललेले असे. आज तीच सून आजी झाली आहे. शेजारी नात कानात बोंडे घालून मोबाइलकडे बघत एकटीच हसते. आजी विचारते, ‘काय गं, कोणाला हसतेस?’ नातीला ते ऐकू जात नाही.