पोटाला लागलं नाही ना?

गरोदर बाईला भाजलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पोटाला लागलं नाही ना? मग बाळाला काही होत नाही.’ आणि दवाखान्यात गेल्यावर दुसरं: ‘जास्त औषधं देऊ नका, बाळाला बाधतील.’ दोन्ही मायेपोटीच निघतात. दोन्ही जीवघेणी आहेत.

पोटावर फोडही नसला, तरी छाती-मांड्या भाजल्या की त्या कातडीतून अंगातलं पाणी झरत राहतं. रक्तदाब उतरतो, वारेला रक्त कमी पडतं. धूर छातीत गेला असेल तर प्राणवायूही कमी पडतो. मग अवेळी कळा सुरू होतात, नाहीतर बाळाची हालचालच थांबते, बहुतेकदा पहिल्या आठवड्यात. निम्म्याहून जास्त अंग भाजलं तर दोघांच्याही जिवावर बेततं. म्हणून बघायचं ते आईचं किती अंग भाजलं आणि सलाईन किती लवकर लागलं.

राहिली औषधं. सलाईन, प्राणवायू, धनुर्वाताचं इंजेक्शन गरोदरपणातही देतात. वेदनाशामकं, प्रतिजैविकं डॉक्टर निवडून देतात. दिवस भरत आले असतील तर सल्फाचं मलम बाळाच्या काविळीच्या भीतीनं टाळतात. पण निवडून देणं वेगळं आणि न देणं वेगळं. जखमेतलं विष आईच्या रक्तात भिनलं, तर बाळ कुणाच्या आधारानं जगणार?

पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत उपचारांना होणारा उशीर अधिक बोचतो. ताम्हिणीकडच्या वाडीतून पौड, पिरंगुट, चांदणी चौक करत पुण्याचं ससून रुग्णालय गाठेपर्यंत मोलाचे तास रस्त्यातच जातात. आणि आग चुलीपुरतीच आहे असंही नाही. 7 जून 2021 ला मुळशीतल्याच उरवड्याच्या एका कारखान्यात 17 कामगार जळून गेले, त्यांत बहुतेक बायाच होत्या. ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली.

भाजल्याबरोबर हळद नको, टूथपेस्ट नको. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. चुडा आणि जोडवी लगेच उतरवा, कारण मनगट बघता बघता सुजतं आणि हिरवी बांगडी मांसात रुतते. अंगाला चिकटलेला गाऊन ओढू नका. तिला डाव्या कुशीवर निजवा, 108 ला फोन करा. भाजणं दरवेळी अपघातच असतं असं नाही, म्हणून ‘स्टोव्ह भडकला’ एवढ्यावर दवाखान्यानंही थांबू नये. घरच्यांना बाहेर ठेवून तिला एकटीला विचारावं. आणि तुम्ही सोबत असाल, तर दारातच मोठ्यानं सांगा: बाई गरोदर आहे, इतके महिने झालेत.